काट्यावरचे वजन आणि मुलांच्या मनातले वजन

निंबोणी (नाशिक)

गेल्या महिन्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलामुलींना रांगेत उभे करून एकेकाचे वजन घेतले गेले, आणि दूर टेबलापाशी नोंद करणाऱ्यांना ऐकू जावे म्हणून काट्याजवळ उभ्या असलेल्या ताई प्रत्येकाचा आकडा मोठ्याने सांगत होत्या. माझ्या मुलीचा आकडा ४४ होता आणि तिच्या पुढे उभ्या असलेल्या जिवलग मैत्रिणीचा ३६. त्या आठवड्यापासून डब्यातली एक पोळी रोज परत येऊ लागली. मला वाटले, भाजी आवडली नसेल. मग एका रात्री आरशासमोर उभी असताना, माझ्याकडे न बघता, तिने विचारले, "आई, मी जाड आहे ना गं?"

"काहीतरीच काय, मुळीच नाहीस," असे मी म्हटले. त्यावर ती एवढेच म्हणाली, "तू आई आहेस, तू असंच म्हणणार." माझे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही, हे मला त्या क्षणी कळले आणि त्यावर बोलण्यासाठीच या चर्चामंचावर मी हा धागा काढला आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. तिची उंची १५४ सेंटिमीटर आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक मिळतो, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो तिच्या बाबतीत साडेअठरा येतो. डॉक्टरांनी तो तिच्या वयाच्या आलेखावर मांडला, तेव्हा ठिपका मधल्या रेषेच्या जवळ पडला. नंतर मैत्रिणीच्या आईशी सहज बोलणे झाले, तेव्हा कळले की त्या मुलीची उंची १४३ सेंटिमीटर आहे आणि तिला अजून पाळी आलेली नाही. तिचाही बीएमआय साडेसतराच्या पुढेच आहे. म्हणजे रांगेत मोठ्याने उच्चारल्या गेलेल्या त्या आठ किलोंच्या फरकात बराचसा वाटा अकरा सेंटिमीटर उंचीचा आणि एका मुलीची वाढ आधी सुरू झाल्याचा होता. आकडा खरा होता, पण त्याच्यासोबत उंची कोणी वाचली नव्हती.

या विषयावर मिळेल ते वाचू लागले, तेव्हा एका गोष्टीने मला थांबवले. युरोपातल्या आणि शेजारच्या काही देशांत, तसेच कॅनडात, दर चार वर्षांनी शाळकरी मुलांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी होते. तीत ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना विचारले जाते, की तुला तुझे शरीर फारच बारीक, थोडे बारीक, साधारण योग्य, थोडे जाड की फारच जाड वाटते. मुलांनी दिलेले हे उत्तर त्यांच्या उंची-वजनाशी ताडून पाहता येते. २००२ ते २०१८ या काळातल्या ४१ देशांमधल्या सुमारे साडेसात लाख मुलांची उत्तरे अशी ताडून पाहिली, तेव्हा असे दिसले की स्वतःला आहे त्यापेक्षा जाड समजण्याचे प्रमाण काळानुसार कमी झाले आणि आहे त्यापेक्षा बारीक समजण्याचे प्रमाण वाढले, आणि हा बदल मुलींमध्ये अधिक ठळक होता. मला नेमके उलटे अपेक्षित होते. त्या पाहणीत भारत नाही, त्यामुळे आपल्याकडे काय घडते आहे हे त्यावरून सांगता येणार नाही. पण मनातले वजन ही काट्यावरच्या वजनाहून वेगळी मोजण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही दिशेला चुकू शकते, हे मला प्रथमच स्पष्ट झाले.

ही चूक कुठून येते याचा विचार करताना मी आमच्या घरातले शब्द आठवू लागले. आपल्या भाषेत माणसाच्या अंगकाठीवर बोलायला केवढे शब्द आहेत, आणि ते आपण मुलांसमोर किती सहज वापरतो! बारीक मुलीला हाडकुळी, लुकडी, खाल्लेले अंगी न लागणारी म्हणायचे, मुलगा असेल तर पाप्याचे पितर म्हणायचे, जरा भरलेली असेल तर ढब्बी म्हणायचे, आणि कौतुक करायचे झाले तर चवळीची शेंग म्हणायचे. सुट्टीत गावाहून परतलेल्या मुलाच्या तब्येतीवर चार जण बोलल्याशिवाय दारातून आत येणे होत नाही. यातले बहुतेक बोलणे मायेचेच असते, हे मला मान्य आहे. माझ्या सासूबाई नातीला "किती वाळलीस गं" म्हणतात, तेव्हा त्यांना तिला आणखी एक घास भरवायचा असतो. पण त्याच आठवड्यात आत्या येऊन "आता जरा पोळ्या कमी कर हो" म्हणून जाते, आणि तेरा वर्षांच्या मुलीने या दोन वाक्यांमधून स्वतःचे शरीर कसे ओळखायचे?

इथे पालक, शिक्षक, डॉक्टर असे अनेक जण आहेत. आपल्या घरातल्या मुलांना स्वतःच्या वजनाविषयी काय वाटते, ते तुम्हाला कसे कळले, आणि अशा प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलेत, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

गवतफुला (सातारा)

निंबोणीताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि तुमच्या मुलीचा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. तो बहुतेक वेळा आई बाहेर गेल्यावर विचारला जातो.

मुलींना आणि मुलांना या वयात आपल्या शरीरात काय चालले आहे हे कोणी आधी सांगत नाही, ही माझी मोठी खंत आहे. प्रौढपणी असणाऱ्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग माणूस किशोरवयात मिळवतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते आणि वजनाचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी टोकाला पोहोचतो, म्हणजे उंचीचा वेग मंदावत असताना वजन मात्र वाढत असते. मांड्या आणि नितंब यांवर चरबी साठते, कारण शरीर पाळीसाठी तयार होत असते. आपल्या आज्या याला "मुलगी अंगाने भरली" असे म्हणत आणि त्यात काळजीचा सूर नसे. मुलांची वाढ दोनेक वर्षे उशिरा वेग घेते आणि त्यांच्यात चरबीपेक्षा स्नायू अधिक वाढतात. त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गात अनेक मुली शेजारच्या मुलांपेक्षा उंच आणि वजनदार असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीला वाटते की आपल्यातच काहीतरी बिघडले आहे.

बीएमआयविषयीही थोडे सांगते, कारण हल्ली मुले स्वतःच मोबाइलवर तो काढतात. हे गणित केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात मांडले. "सरासरी माणूस" कसा असतो याचा तो अभ्यास करत होता, एकेका माणसाचे आरोग्य तपासणे हा त्याचा हेतू नव्हता. बॉडी मास इंडेक्स हे नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकेतले अॅन्सेल कीज यांनी दिले. प्रौढांसाठी ठरवलेल्या मर्यादा वाढत्या वयाच्या मुलांना लावताच येत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीचा बीएमआय १७ असेल तर मोबाइलवरचे प्रौढांचे गणकयंत्र तिला "कमी वजन" असा शेरा देते, पण त्या वयाला तो अंक अगदी सामान्य आहे. याउलट नऊ वर्षांच्या मुलाचा २२ असेल तर तेच यंत्र "योग्य" म्हणते, आणि त्या वयाला तो बराच जास्त असतो. म्हणून मुलांसाठी वयानुसार आणि लिंगानुसार आलेख वापरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी सुधारित आलेख २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. त्या आलेखांतल्या वरच्या दोन रेषा, म्हणजे जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची, प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जोडलेल्या आहेत, कारण भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वजनाला चरबी अधिक असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरणही पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा बीएमआय अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोघांनी आपल्या छायाचित्रासह ही गोष्ट २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असे नाही, एवढे तरी आपण यावरून घ्यावे.

तुमच्या मुलीला मी काय सांगितले असते, ते नंतर सविस्तर लिहिते. रुग्ण वाट बघत आहेत.

दीपस्तंभ (कोल्हापूर)

चर्चा चांगली चालली आहे, पण दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या घरी नेमके उलटे घडले.

माझा मुलगा बारा वर्षांचा, उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो. घरात सर्वांच्या मते तो "खात्यापित्या घरचा" होता. उंची वाढली की आपोआप ताणला जाईल असे माझी आई म्हणत असे आणि मलाही ते पटत असे. मुलगा स्वतःला जाड समजत नव्हता, तो स्वतःला मजबूत समजत होता, आणि वर्गात त्याच्यासारखे आणखी पाच-सहा जण असल्यामुळे त्याला वेगळे काही वाटण्याचे कारणही नव्हते. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसू लागला होता. मळ आहे असे समजून माझी आई दर रविवारी डाळीचे पीठ लावून ती मान घासत असे. मुलाला ते लागायचे, पण पट्टा काही जात नव्हता. शेवटी सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलो असताना त्यांनी ती मान पाहिली आणि सांगितले, की ही जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा मळामुळे नाही, शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असू शकते. रक्त तपासले तेव्हा साखर मर्यादेच्या काठावर निघाली.

म्हणून मला विचारावेसे वाटते, की वजनाविषयी बोलायचेच नाही असे ठरवले तर माझ्या मुलाला हे कोणी सांगायचे? त्याला स्वतःविषयी छान वाटत होते, आणि त्या छान वाटण्यात आमची दोन वर्षे गेली.

माळरान (नंदुरबार)

मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले आदिवासी पाड्यांवरची आहेत, त्यामुळे या चर्चेतला जाडपणा आमच्या वर्गात क्वचितच दिसतो. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली आणि वजन जास्त असलेली ५ टक्के. ती सरासरी सगळ्या देशाची आहे. माझ्या वर्गात मला पहिल्या गटातली मुले रोज दिसतात.

पण समजुतीचा प्रश्न आमच्याकडेही आहे, आणि तो वेगळ्या रूपाने येतो. आमच्या नववीतल्या मुलीला विचारले, की तुझी तब्येत कशी आहे, तर ती "बरी आहे" म्हणते आणि तिला खरोखरच तसे वाटत असते. तिची आई तशीच, बहीण तशीच, वर्गातल्या मैत्रिणी तशाच, मग वेगळे वाटणार कशावरून? ज्या शरीरांमध्ये आपण वावरतो, त्यांवरूनच आपल्याला आपले शरीर कळते. दीपस्तंभ यांच्या मुलाच्या वर्गात त्याच्यासारखे पाच-सहा जण होते, हे त्यांनी लिहिलेले वाक्य मला यासाठीच महत्त्वाचे वाटले. त्याच सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांपैकी २८ टक्क्यांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आम्ही आठवड्यातून एकदा निळी लोहगोळी देतो तेव्हा काही मुली ती ओढणीत लपवतात, कारण "गोळीने अंग सुटते" अशी समजूत गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलवरून आमच्यापर्यंत पोहोचली आहे. जिला दुपारच्या प्रार्थनेत उभे राहवत नाही, ती मुलगी जाड होण्याच्या भीतीने लोहाची गोळी फेकते, हे पाहून मला फार वाईट वाटते. आता मी गोळी जेवणानंतर स्वतः त्यांच्यासोबत बसून देतो आणि लोहाने वजन वाढत नाही हे दर वेळी नव्याने सांगतो.

पाणवठा (पुणे)

माळरान सर, तुमचे मोबाइलविषयीचे निरीक्षण वाचून फिजी बेटांवरचा एक अभ्यास आठवला, जो मी समाजशास्त्राच्या वर्गात दर वर्षी शिकवते. फिजीमध्ये भरदार शरीराला मान होता आणि कोणी बारीक होऊ लागले तर घरच्यांना काळजी वाटत असे, अगदी आपल्या "वाळलीस गं" सारखीच. नंद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनी त्याच वर्षी काही आठवड्यांतच तिथल्या शाळकरी मुलींच्या एका गटाला आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, दुसऱ्या गटाला खाण्याविषयीच्या वृत्तीचे तेच प्रश्न विचारले. काळजी वाटावी इतके गुण पडणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले, आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करण्याचा प्रकार, जो पहिल्या गटात एकीनेही सांगितला नव्हता, तो दुसऱ्या गटात ११.३ टक्के मुलींनी सांगितला. गट लहान होते, प्रत्येकी साठ-पासष्ट मुलींचे, आणि मुली वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे सगळा दोष एका पडद्यावर टाकता येत नाही. तरीही तीन वर्षे हा काळ किती थोडा आहे!

अबोली

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते आहे, कारण निंबोणीताईंच्या मुलीच्या जागी मी पंधरा वर्षांपूर्वी उभी होते.

सोळाव्या वर्षी मी स्वतःला जाड समजत होते, आणि माझे वजन तेव्हा अगदी योग्य होते, हे मला आज जुने फोटो पाहून कळते. माझ्या मावशीच्या लग्नात कोणीतरी माझ्या दंडाला धरून "हिची तब्येत बघा, आईपेक्षा मोठी दिसते" असे म्हटले होते. ज्यांनी ते म्हटले, त्यांना ते आज आठवतही नसेल. त्यानंतर मी जेवण कमी करत गेले. पहिले दोन महिने सगळ्यांनी माझे कौतुक केले, आणि तो भाग मला आज सर्वांत भयंकर वाटतो, कारण माझे आजारपण वाढत असताना लोक मला "किती छान दिसतेस" असे सांगत होते. मग पाळी थांबली, केस गळू लागले, मे महिन्यात मला थंडी वाजू लागली. आरशात मात्र मला रोज तीच जाड मुलगी दिसत होती. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. खरोखर तीच दिसत होती.

आई रोज मला समजावत होती, की तू जाड नाहीस. तिचे चूक होते असे मी म्हणणार नाही, पण "जाड नाहीस" या वाक्यात जाड असणे वाईट आहे हे दोघींनी आधीच मान्य केलेले होते. मला बरे व्हायला मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि जवळजवळ दीड वर्ष लागले. माझ्या आईने नंतर वजनाचा काटा घरातून कायमचा काढून टाकला.

कोणाच्या मुलीची पाळी थांबली असेल, ती एकत्र जेवायला टाळत असेल, तर कृपा करून थांबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

निंबोणी (नाशिक)

अबोली, तुम्ही लिहिलेत यासाठी मी तुमची ऋणी आहे. "जाड नाहीस" या उत्तराबद्दल तुम्ही जे सांगितले, ते मी दोनदा वाचले.

उत्तरवारा (ट्रॉनहाइम, नॉर्वे)

मी इथे चौदा वर्षे राहते. आमच्या शेजारच्या नूर-ट्रॉन्डेलाग भागात लोकांच्या आरोग्याचा 'हुन्त' नावाचा फार मोठा आणि जुना अभ्यास चालतो, आणि त्यातले एक काम या धाग्याशी थेट जोडलेले आहे. ज्यांचे वजन किशोरवयात योग्य होते अशा मुलामुलींना पुन्हा ११ वर्षांनी मोजले गेले. वजन योग्य असूनही ज्यांनी तेव्हा स्वतःला जाड म्हटले होते, त्यांचे वजन, स्वतःला ठीक म्हणणाऱ्यांच्या तुलनेत, तरुणपणी अधिक वाढलेले आढळले. म्हणजे दीपस्तंभ यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला यातून एक वेगळीच कलाटणी मिळते, कारण "तू जाड आहेस" ही भावना मुलाला बारीक करते असे गृहीत धरता येत नाही. त्यामागे उपाशी राहणे, मग न राहवून खाणे, खेळायला लाजणे आणि सततचा ताण अशी कारणे असावीत असे संशोधकांना वाटते.

इथे जाहिरातींमध्ये शरीराचा आकार बदललेला फोटो वापरला तर त्यावर तसे चिन्ह लावणे २०२२ पासून बंधनकारक आहे. माझी मुलगी सांगते, की ते चिन्ह दिसले तरी नजर आधी फोटोवरच जाते. तरीही मला तो कायदा आवडतो, कारण त्यामुळे घरात त्यावर बोलायला निमित्त मिळते.

पिंपळपान (ठाणे)

सगळे मुलींविषयी बोलत आहेत, म्हणून मुलांविषयी थोडेसे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, उंची १६८ आणि वजन ५०. डॉक्टरांच्या मते सगळे ठीक आहे, पण तो स्वतःला काडीपैलवान समजतो, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो आणि जिममधल्या मोठ्या मुलांनी सांगितलेली प्रोटीन पावडर स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणतो. अमेरिकेतल्या हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जी. आय. जो या सैनिक-खेळण्याच्या वेगवेगळ्या दशकांतल्या आवृत्त्या मोजून दाखवले होते, की त्या बाहुल्याचे दंड आणि छाती दर आवृत्तीगणिक फुगत गेले आहेत. मुलगी बारीक होऊ पाहते तेव्हा निदान आपल्या लक्षात तरी येते. मुलगा डंबेल्स उचलू लागला की आपण त्याला व्यायामाची गोडी लागली म्हणून पेढे वाटतो. मी तेच केले होते.

गवतफुला (सातारा)

परवा अर्धवट सोडलेले आज पूर्ण करते, आणि दीपस्तंभ यांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो योग्य प्रश्न आहे.

तुमच्या मुलावर उपचार व्हायलाच हवे होते आणि ते लवकर व्हायला हवे होते. पण पाहा, की त्याच्या बाबतीत चूक कोणाच्या नजरेची झाली होती. तो बारा वर्षांचा आहे, त्याच्या वजनाचा अंदाज बरोबर असण्याची जबाबदारी त्याची नव्हती. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन मोजून आलेखावर ठिपका मांडणे हे आपले, म्हणजे पालकांचे आणि डॉक्टरांचे काम आहे. ठिपका वरची रेषा ओलांडताना दिसला की घरातले जेवण, झोप आणि खेळ बदलायचे, आणि ते सगळ्या घराने बदलायचे. शीतपेयाची बाटली घरात आणणे थांबवायला मुलाला "तू जाड आहेस" असे सांगावे लागत नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींना एकत्र धरून सल्ला दिला, तोही याच दिशेने आहे. डाएट करायला लावू नये, मुलांच्या वजनावर घरात शेरेबाजी किंवा चिडवाचिडवी करू नये, घरच्यांनी एकत्र जेवावे आणि बोलणे वजनापेक्षा सवयींविषयी असावे, असे त्यात सांगितले आहे. जास्त वजनाच्या मुलासाठी एक आणि कमी खाणाऱ्या मुलीसाठी दुसरा असे दोन सल्ले त्यात नाहीत, आणि माझ्या दवाखान्यातला अनुभवही तसाच आहे.

तुमच्या मुलाशी आजाराविषयी मात्र मोकळेपणाने बोला. मानेवरचा पट्टा कशामुळे येतो, साखर म्हणजे काय, रोज तासभर खेळल्याने स्नायू ती साखर कशी वापरतात, हे बारा वर्षांच्या मुलाला उत्तम समजते. मान घासणे तेवढे आजपासून बंद करा.

निंबोणीताई, मुलीने "मी जाड आहे का" असे विचारले की मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. मी विचारते, "हे तुला केव्हापासून वाटायला लागलं? कोणी काही म्हणालं का?" नव्वद टक्के गोष्ट त्या उत्तरात असते. त्यानंतर मी तिला तिचा स्वतःचा आलेख दाखवते, जन्मापासूनच्या सर्व नोंदींसह, आणि पेन तिच्या हातात देते. शेजारणीच्या आकड्याशी तुलना करणाऱ्या मुलीला स्वतःच्याच मागच्या ठिपक्यांशी तुलना करायला मिळाली, की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे. ठिपके आपल्या रेषेला धरून चालले आहेत ना, एवढेच मला पाहायचे असते. काही महिन्यांत ते वरच्या किंवा खालच्या रेषेकडे सरकू लागले, तर आकडा "योग्य" असला तरी मी सावध होते. अबोली यांचे वजन कमी होत असताना पहिले दोन महिने ते योग्य मर्यादेतच असणार, म्हणून एका दिवसाचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

निंबोणी (नाशिक)

सर्वांचे आभार. काय झाले ते सांगते.

मुलीला मी "केव्हापासून वाटतं?" असे विचारले. रांगेतल्या आकड्यांविषयी मला माहीत होते, पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुलांनी तिला "चव्वेचाळीस" या नावाने हाक मारायला सुरुवात केली होती, हे मला माहीत नव्हते. महिनाभर ते चालू होते. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलले. कोणावर ठपका ठेवण्यासाठी गेले नव्हते, आणि त्यांनीही शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या तपासणीला काटा वर्गाबाहेर पडद्यामागे ठेवायचा, उंची आणि वजन दोन्ही चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी पाकिटातून घरी पाठवायची, असे ठरले आहे. माझी आतेबहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे सरकारी योजनेत मुलांना चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या वयात मोजतात, आणि आकडा वर्गात कोणाला सांगत नाहीत. ते उदाहरण मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडले.

लसीकरणाच्या जुन्या कार्डावरून आणि डॉक्टरांकडच्या नोंदींवरून आम्ही दोघींनी ठिपके मांडले. जन्माचा २.७ किलोचा आकडा पाहून तिला हसू आले. मधल्या काही वर्षांच्या नोंदी सापडल्या नाहीत, तिथे तिने पेन्सिलने तुटक रेष काढली आहे.

पोळी अजून कधी कधी परत येते. काल आली होती. मी काही बोलले नाही. रात्री आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो, तेव्हा तिने स्वतःहून दुसऱ्यांदा वरणभात मागून घेतला. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले, काहीतरी म्हणायला तोंड उघडले, आणि मग नुसतीच तुपाची वाटी तिच्याकडे सरकवली.